अक्का आणि बोर्डीची विहीर

माझ्या नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपलं घर समुद्रासमोर का नाही? आत वाडीत का?" त्याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर अक्का. पण अक्का गेल्या हिवाळ्यात गेल्या. येत्या मे महिन्यात तुम्ही बोर्डीला याल तेव्हा हे सांगायला त्या नसतील, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमची मोठी आजी. कोणाच्याही घरी गेल्या की त्या आधी पाणी मागत, तहान असो वा नसो. पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटत आणि तो गिळेपर्यंत यजमानांशी शब्द बोलत नसत. नव्या माणसाला वाटे, बाईंना काही होतंय की काय! मग डोळे उघडून आपल्या अहिराणीत निकाल देत. "गोड शे," नाहीतर "मचूळ शे." पारोळ्याजवळच्या कोरडवाहू गावात त्यांचं लहानपण गेलं होतं. सोयरीक पाहायला गेल्या तरी मुलीच्या आधी त्यांना विहीर पाहायची असे. "तुना माहेरनं पानी चांगलं व्हतं, म्हनीसन तुले पास करं," हे त्यांनी मला चाळीस वर्षं ऐकवलं. माझ्या एम.ए.च्या पदवीचा त्यात काही वाटा नव्हता.

जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. एका वर्षी आपल्या मेहरूणच्या घरी तुमच्यातल्या धाकटीला ऊन लागलं आणि तिला दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. त्यानंतर तीन उन्हाळे कोणीच आलं नाही. बंगळुरूचे बंगळुरूला, सिंगापूरचे सिंगापूरला. तुम्ही चुलतभावंडं एकमेकांना फोटोवरून ओळखायला लागलात. तिसऱ्या वर्षी अक्कांनी स्वतःच्या नावावरची एकुलती एक मोकळी जागा विकायला काढली. त्या म्हणाल्या, "पोरे आठे येत नहीत, ते जठे येतीन तठे घर लेऊ." त्या जागेखेरीज त्यांच्याकडे विकण्यासारखं काही नव्हतं. घर चुकलं असतं तर दुसरं घेणं आमच्यापैकी कोणालाच जमलं नसतं.

घरं शोधायचं काम माझ्या धाकट्या दिरांनी, धुळ्याच्या भाऊंनी, अंगावर घेतलं. त्यांनी दोन नक्की केली, एक डहाणूला आणि एक शेजारच्या बोर्डीला. डहाणूचं घर समुद्रासमोर, वर गच्ची, गच्चीवर झोपाळा. बोर्डीचं चिकूच्या वाडीत, कौलारू, आणि तिथून समुद्र दिसतच नव्हता. मी रीतसर तक्ता केला. स्टेशन, दवाखाना, बाजार, शेजार, समुद्र, असे रकाने पाडून गुण दिले. डहाणू पुढे होतं. भाऊंनी तर डहाणूच्या मालकाला जवळजवळ शब्दच दिला होता. ते म्हणाले, "अक्का, दिवाळीत जाऊन बघू, हवा छान असते." अक्का म्हणाल्या, "विहीर वैशाखमा देखानी. दिवाईले बठ्ठ्याच भरेल ऱ्हातीस."

म्हणून भर मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे अक्का, भाऊ, तुमचे आबा आणि मी, सुरतेच्या गाडीत बसलो. अक्कांनी त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. डहाणूच्या किनाऱ्यावर त्या बराच वेळ पदर सावरत उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, भारावल्या. मग म्हणाल्या, "इतलं पानी, आनि बठ्ठं वाया!"

डहाणूच्या घरात भाऊ त्यांना गच्ची दाखवत होते आणि त्या मागच्या दारी विहीर शोधत होत्या. घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, पण निकाल दिला नाही. पिशवीतून घरच्या तुरीच्या डाळीची पुरचुंडी काढली आणि राखणदाराच्या बायकोला म्हणाल्या, "बाई, तुना चुल्हा दे जरासा." त्या विहिरीचं पाणी घालून डाळ चढवली. तासाभराने दाणा दोन बोटांत दाबून पाहिला. आणखी अर्ध्या तासाने पुन्हा. दाणा टणक.

भाऊ वैतागले. "अक्का, कुकर नावाची वस्तू निघाली आहे जगात! नाहीतर मशीन बसवू पाण्याचं."

"वीस मानसंना वरनले तुनं मशीन पुरी का?"

घरची माणसं जमली की आपल्याकडे वरण-बट्टी होणार, यात दुमत नव्हतं आणि जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ते घर पाहताना ते एकालाही आठवलं नव्हतं. माझ्या तक्त्यात पाण्याचा रकानाच नव्हता.

दुपारी बोर्डीला गेलो. ओहोटी होती. समुद्र इतका आत गेला होता की नुसता चिखल दिसत होता. भाऊंना जोर आला. "बघा, हा समुद्र तर निम्मा दिवस रजेवरच असतो!"

अक्का म्हणाल्या, "जास, पन परत येस ना? मंग झायं."

वाडीतल्या विहिरीत पाणी खोल होतं, पण तळाचा दगड दिसत होता. अक्कांनी घोट घेतला आणि या वेळी डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत. डाळ पाऊण तासात मेणासारखी मऊ झाली. त्यांनी ती चमच्यावर घेऊन आम्हा तिघांना प्रसादासारखा एकेक घास दिला. मीठही नव्हतं तिच्यात. "आठेच," त्या म्हणाल्या. जागा आपली विकली आहे, हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. मी तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या मे महिन्यात तुम्ही सगळे आलात. एकोणीस माणसं, विहिरीवर दिवसभर आंघोळी, आणि दर दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी. चौथ्या दिवशी एक गृहस्थ दोन रिकामे कॅन घेऊन फाटकाशी आले. डहाणूचं ते गच्चीचं घर त्यांनीच घेतलं होतं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं, घरी पाहुणे होते आणि टँकर संध्याकाळी येणार होता. त्यांना आमच्या विहिरीबद्दल कोणीतरी सांगितलं होतं. अक्कांनी त्यांना बसवलं, सरबत दिलं, कॅन काठोकाठ भरले. वर आपल्याकडचे दोन हंडेही भरले. मग हाक मारली, "भाऊ, गाडी काढ. यास्नासंगे जाय आनि हंडा तूच दी ये. तुले ते घर माहीत शे."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाऊंनी मुकाट्याने हंडे गाडीत ठेवले. परत आल्यावर अक्कांच्या पाया पडले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही जिंकलात. आता तरी बोलू नका." अक्का बोलल्या नाहीत. फक्त त्या रात्री जेवताना भाऊंच्या ताटात वरण दोनदा जास्त वाढलं.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना चालवत नव्हतं. खुर्ची विहिरीजवळ ठेवून घेत आणि कोण आलं, कोण यायचं राहिलं, ते बोटांवर मोजत. त्या वर्षी कोणीही राहिलं नाही. सिंगापूरकरांची गाडी सर्वांत शेवटी आली. अक्कांनी तुमच्याकडे पाहून नुसती मान डोलावली आणि खुर्ची आत न्यायला सांगितली.

अक्का नाहीत. घर आहे, विहिरीला पाणी आहे, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपण याही वर्षी सगळे तिथे भेटणार आहोत.