शेपली म्हणजे काय

इंग्रजी पेपरात फोटो छापून आला, त्या दिवशी द्वारका घाडी गिरणीतल्या मैत्रिणीला, शेवंतीला, घेऊन परळच्या इस्पितळात गेली होती. शेवंतीच्या मनगटाला प्लॅस्टर घालून, तिला वरळीला बीडीडी चाळीत पोचवून ती दुपारी लालबागला परतली, तर जिन्यावरच पोरं ओरडायला लागली, "मावशी, तुझा फोटो! मावशी, तुझा फोटो!"

दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तिच्या नवऱ्याने, बुधाजीने, कात्रण भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवलं होतं. भोवती निम्मी चाळ जमलेली. बुधाजी साचेखात्यात मागावर काम करणारा माणूस, एरवी तोंडातून शब्द फुटायची मारामार. आज मात्र छाती काढून उभा होता.

"अगो, बघ तरी! इंग्रजी पेपरात इलंस तू!"

द्वारकेने बघितलं. फोटोत ती एकटी होती. पदर खांद्यावरून घसरलेला, अंबाडा सुटलेला, कमरेत वाकलेली, एका हातात निशाण. दुसरा हात खाली गेला होता आणि जिथे मनगट यायचं तिथेच फोटो संपला होता.

त्या हातात काय होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. शेवंतीचा हात होता.

आदल्याच दिवशी बायकांचा मोर्चा निघाला होता. जानेवारी छप्पन्नचे दिवस. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून रेडिओवर सांगितलं होतं आणि गिरणगाव पेटलं होतं, गिरण्या संपावर गेल्या होत्या. वाइंडिंग खात्यातल्या, सूत गुंडाळणाऱ्या, झाडून सगळ्या बायका मोर्चात होत्या. परळच्या नाक्यावर लाठीमार झाला. शेवंतीने डोकं वाचवायला हात वर केला आणि लाठी मनगटावर बसली. ती खाली पडली. मागची गर्दी अंगावर येत होती. द्वारका तिचा धड हात धरून तिला ओढून काढत होती. शेवंतीची किंकाळी अजून तिच्या कानात होती. आणि नेमका तेवढाच तुकडा कुणीतरी कापून टाकला होता.

"खाली काय लिवलंय?" तिने विचारलं.

ते कुणालाच नीट लागत नव्हतं. तळमजल्यावरचे हेरंब मास्तर म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायचे, त्यांना वर बोलावलं. त्यांनी चष्मा चढवून वाचलं, "लालबागच्या मोर्चातली एक शेपली निदर्शक."

"शेपली म्हणजे काय?"

मास्तर घुटमळले. "म्हणजे... शेप म्हणजे आकार. आकाराने चांगली. सुबक म्हणा ना."

"सुबक कशाला म्हणतात इंग्रजीत?"

"कशालाही. फुलदाणी असते, समई असते. शेपली म्हणायचं."

"आणि माणसाला?"

"बायकांना लावतात."

"पुरुषांना?"

"नाही. सहसा नाही लावत."

"बायकांच्या कशाला लावतात, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. तेवढ्यात बुधाजीच मध्ये पडला. "अगो, चांगलो शब्द आसा म्हणतत ना ते? सोड आता." मास्तर उतरून गेले. त्या रात्री भाकरी थापताना द्वारकेने परात अशी आपटली की शेजारची बाई डोकावून गेली.

उरलेला अर्थ तिला गिरणीत कळला. संपानंतर भोंगा झाला आणि बायका कामावर गेल्या, तर दारात हजेरीचा कारकून टेबल मांडून बसलेला. तो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, केसांना तेल चोपडणारा. द्वारका समोर आली तसा त्याने तिला वरपासून खालपर्यंत सावकाश न्याहाळलं आणि म्हणाला, "या या, शेपली बाई!" मागे उभे असलेले दोघे जण फिदीफिदी हसले. त्या हसण्यात मास्तरांनी गिळलेलं सगळं आलं.

दुपारपर्यंत ते नाव खातंभर झालं. संध्याकाळी गेटवर कुणीतरी शीळ घालून तेच ओरडलं. शेजारच्या मशीनवर शेवंती नव्हती, तिथे बदली बाई होती. द्वारकेच्या मनात एकच घोळत होतं. शेवंती आणि ती एका दिवशी कामाला लागल्या होत्या. द्वारका बाळंतपणात आजारी पडली, तेव्हा तिची धाकटी शेवंतीच्या अंगावर प्यायली होती. चाळीतल्या बायकांनी जातीवरून नाकं मुरडली, तर द्वारकेने एकेकीला दारात गाठून सुनावलं होतं. त्या शेवंतीचं मनगट मोडलं, ते पेपरात नाही. आणि आपली कंबर आहे!

रविवारी ती वरळीला गेली. "शेवंते, लुगडं बदल. फोर्टात जायचंय."

"कशाला गं?"

"भांडायला."

पेपरचं ऑफिस दगडी इमारतीत होतं. पट्टेवाल्याने अडवलं, तर द्वारका म्हणाली, "पोलिसांनी नाय अडवली, तू काय अडवतोस?" आणि सरळ जिना चढली. वर टेबलांची रांग होती. फोटोखालचं कुणी लिहिलं, असं तिने मोठ्याने विचारलं. सगळ्यांच्या नजरा एका माणसाकडे वळल्या. पांढरा सदरा, कपाळावर आठी. नाव शामराव. राहणार गिरगावात.

द्वारकेला वाटलं होतं, कुणी साहेब असेल. हा तर मराठी निघाला, आणि सदऱ्याला निषेधाची काळी फीत लावलेली.

"बसा बाई," शामराव खुर्ची सरकवत म्हणाले. "चहा घेणार?"

"चहा नको. शेपली तुम्हीच लिवलंत?"

त्यांनी कात्रण बघितलं, आठवलं, आणि चक्क हसले. "हो, मीच. अहो, वाईट काय आहे त्यात? कौतुकाचा शब्द आहे. इंग्रजीत अगदी सभ्य माणसं वापरतात. तुम्हाला भाषा येत नाही म्हणून गैरसमज झालाय."

"भाषा नाय येत. हसणं कळतं. गिरणीत माणसं मला त्या नावाने हाका मारतात आणि हसतात. ती काय फुलदाणी बघून हसतात?"

"त्याला मी काय करणार? लोक कुठल्याही शब्दाचा..."

"माझा हात कुठे गेला ह्यातला?"

"कॉलमात मावत नव्हता हो. जागेप्रमाणे कापावं लागतं."

"शेवंते, पुढे ये." शेवंती संकोचत पुढे आली. "ही मावत नव्हती तुमच्या कॉलमात. हिचं मनगट मोडलं, ही खाली पडून ओरडत होती, मी हिला ओढत होते. म्हणून वाकलेली. नाचत नव्हते मी! तुमच्याकडे अख्खा फोटो आला होता ना? बघितलात ना तुम्ही?"

शामरावांनी प्लॅस्टरकडे बघितलं आणि नजर खाली घातली. "फोटोग्राफरने सांगितलं नाही," ते हळूच म्हणाले. "बाई, मी पण संयुक्त महाराष्ट्राच्याच बाजूचा आहे. फीत बघा."

"म्हणून तर जास्त पेटते! परका असता तर एक शिवी घातली असती आणि गेले असते. निशाण घेतलेल्या बाप्याला काय लिवता तुम्ही?"

"निर्भय... झुंजार..."

"मग मी काय होते? हिला टाकून पळाले होते?" आता तिचा आवाज पार चढला होता. खालून छापखान्यातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली होती. "तुमची बायको मोर्चात आली असती, लाठी खाल्ली असती, तर तिच्या फोटोखाली लिवला असतात हा शब्द? सांगा की!"

शामरावांचा चेहरा लालबुंद झाला. "बायकोचं नाव काढू नका."

"बघा. सभ्य शब्द ना?"

आतल्या केबिनमधून संपादक बाहेर आले. त्यांनी इंग्रजीत काही विचारलं, शामरावांनी इंग्रजीत उत्तर दिलं. मग शामराव म्हणाले, दुरुस्ती छापता येणार नाही, कारण छापलेलं काही खोटं नाही. पट्टेवाला पुढे झाला. द्वारकेने टेबलावरचा ताजा अंक उचलला, उभा आडवा फाडला आणि तुकडे शामरावांच्या पुढ्यात टाकले. "चल शेवंते." जिन्यातल्या माणसांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

घरी येताच तिने भिंतीवरचं कात्रण नखांनी खरवडून काढलं. बुधाजी म्हणाला, "गो, माका अभिमान वाटलो म्हणून..."

"अभिमान कसलो? तुमका त्या शब्दाचो अर्थ म्हायत नाय होतो. आता आसा. परत लावशात?"

बुधाजी उठला, पातेल्यात पाणी घेतलं आणि चिकटलेली शितं ओल्या फडक्याने पुसून काढायला लागला.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने पुन्हा तोंड उघडलं. या खेपेला द्वारकेने टेबलावरून वाकून त्याची कॉलर धरली. "बोल. परत बोल. सगळ्यांना अर्थ सांग!" मागच्या बायका एकेक करून हजेरी न देता तशाच उभ्या राहिल्या. मशिनं सुरू होईनात. शेवटी मॅनेजर आला. त्याने कारकुनाला दुसऱ्या खात्यात पाठवलं आणि द्वारकेला पगार कापून काही दिवस घरी बसवलं. ती परत कामावर आली तेव्हा खात्यात ते नाव कुणी घेतलं नाही.

शेवंतीचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. तुटलेल्या धाग्याला चिमटीत गाठ मारायची, तर दोन बोटं मिटेनात. गिरणीने तिला काढून टाकलं. ती वरळीच्या नाक्यावर भाजीची पाटी घेऊन बसायला लागली. द्वारकेने युनियनमध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत, जिथे जाता येईल तिथे खेटे घातले. लढ्यात जखमी झालेल्या बायकांचं काय, असं ती प्रत्येक सभेत उठून विचारायची. व्यासपीठावरचे पुढारी हात जोडून म्हणायचे, "राज्य मिळू दे, मग बघू."

मग राज्य मिळालं. साठ सालच्या मे महिन्यात गिरणगावात गल्लोगल्ली पताका लागल्या, लेझीम घुमलं. बुधाजीने पोरांना खांद्यावर घेतलं. द्वारका सकाळीच वरळीला गेली. शेवंतीच्या पाटीत अर्धी भाजी तशीच होती.

"चल गं," शेवंती हसत म्हणाली. "आपलं राज्य आलंय. बघू तरी कसं दिसतं."

दोघी मिरवणुकीत शिरल्या. सगळीकडे जयजयकार चालला होता. द्वारकाही ओरडत होती, घसा बसेपर्यंत ओरडत होती. आजूबाजूच्या बायका आनंदाने घोषणा देत होत्या. द्वारकेच्या आवाजात अजून भांडण होतं.