बरी झाली तर देवाची

शेजारच्या मावशीने कोंबडी आणून माझ्या ओट्यावर ठेवली, तेव्हा मी तिच्यावर चांगलीच उखडले. कोंबडीच्या पायाला नायलॉनची दोरी बांधलेली, ती कातडीत रुतलेली आणि खालचा पंजा सुजून टम्म झालेला.

"असं बांधतात का कुणी?" मी म्हटलं.

"मुंगसाने नेवू नये म्हनून बांधलेली, बाय. देवाची हाय ती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशीचा नातू पावसाळ्यात तापाने फणफणला होता, तेव्हा तिने गावदेवाला कोंबडीचा नवस बोलला होता. नातू बरा झाला, पण नवस फेडायची वेळ आली आणि नेमका हिचा पाय बिघडला. देवाला लंगडी किंवा डागाची कोंबडी चालत नाही, अंगाने धड लागते. मावशीचं घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जातं आणि पेरणीआधी परततं. तिथे ही दुखणाईत कोंबडी कोण सांभाळणार?

"तुज्याकडं ठेव. बरी झाली त देवाची, नाय झाली त तुजी," मावशी म्हणाली आणि टेम्पोत जाऊन बसली.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. यांची नोकरी तारापूरच्या कारखान्यात, म्हणून जवळच्या पाम गावात भाड्याने राहतो. तोपर्यंत माझी आणि कोंबडीची ओळख फक्त पातेल्यातली. तरी यांनी तिला टॉवेलात गुंडाळून धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीने दोरी तोडली. तिने यांच्या अंगठ्याला चोच मारली. मला बरं वाटलं. घरात माझ्याशिवाय आणखी कुणीतरी यांना बोललं.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशवीत घालून तिला चिंचणीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. पिशवीतून तिची मान बाहेर. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "रस्सा करनार की सुकी?"

"पेशंट आहे ती," मी म्हटलं. बाई चिंचणी येईपर्यंत माझ्याकडेच बघत होती.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी जखम साफ केली, मलम दिलं, रोज कोमट पाण्यात पाय शेकून पट्टी बदलायला सांगितलं. बोटं वाचली तर नशीब, असंही म्हणाले.

तेव्हापासून सकाळची कामं मागे पडली. पाटावर बसायचं, तिला जुन्या टॉवेलात मांडीवर घ्यायचं आणि पाय वाडग्यातल्या मिठाच्या पाण्यात धरून ठेवायचा. सुरुवातीला ती असा काही आकांत करायची की आळीला वाटावं, मी तिला कापतेच आहे. पुढे तिला ती ऊब आवडायला लागली. पाण्यात पाय गेला की ती अंग सैल सोडायची आणि डोळे मिटायची. कोंबडीची पापणी खालून वर मिटते, हे मला या वयात कळलं. मांडीवरचा तो एवढासा गरम जीव झोपला की मीही हलायची नाही. गॅसवर दूध उतू गेलं तरी यांनाच हाक मारायची. हाक मारून ओरडायचंही यांच्यावरच.

तिचं नाव मी ठेवलं नाही. नावं मात्र रोज ठेवत होते. हट्टी, हावरट, तांदळाची कणी टाकली तर निवडून खाणारी. ती ऐकून घ्यायची आणि माझ्या मागे मागे, एका पायावर उड्या मारत, न्हाणीघरापर्यंत यायची.

एक दिवस तिने सुजलेला पंजा जमिनीला पुरता टेकवला. मी आनंदाने टाळी वाजवली. टाळी वाजवून झाल्यावर मावशीचं बोलणं आठवलं: बरी झाली तर देवाची.

तिथून पुढे माझं मलाच कळेना. ती एक पाऊल नीट टाकायची, मला कौतुक वाटायचं, आणि त्याच पावलाने ती माझ्यापासून लांब चालली आहे हेही दिसायचं. "मग नको करूस बरी," हे म्हणाले. "एवढं सोपं आहे."

"दुखणारा पाय समोर दिसतोय, आणि नको करू बरा? तुमचा असता तर ठेवला असता का तसाच?" मी असं म्हटल्यावर ते पेपरात तोंड घालून बसले.

उन्हाळ्यात पाय असा बरा झाला की दोरी कुठे रुतली होती ते शोधूनही सापडेना. ती पळायला लागली, कुंपणावर चढायला लागली. आणि भट्टीवरची माणसं परतू लागली.

मावशी येणार हे कळलं त्या सकाळी मी पट्टी हातात घेतली. बांधून ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? यांनी दारातून बघितलं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" एवढंच म्हणाले. मी पट्टी कचऱ्यात टाकली. नवस नातवाच्या जिवासाठी बोललेला होता. मावशीला मी काय तोंडाने फसवणार होते?

मावशी आली ती उन्हाने रापलेली, आणखी वाळलेली. कोंबडी अंगणात धावताना तिने पाहिली. "बेस झाली गं," म्हणाली. चहा ठेवते म्हणून मी आत गेले आणि साखर घालायची विसरले.

बाहेर आले तेव्हा कोंबडी मावशीच्या मांडीवर होती. मावशी तिच्या पायावरून अंगठा फिरवत होती. मग मावशीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"बाय, डाग ऱ्हायला गं हिला. असली नाय चालत देवाला. मी दुसरी पालीन. ही तुजी."

मी वाकून बघितलं. मावशीने धरला होता तो पाय कधी दुखलाच नव्हता. दोरी दुसऱ्या पायाला होती, आणि ती मावशीनेच स्वतःच्या हाताने बांधली होती.

मी बिनसाखरेचा चहा तिच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसून रडले.