फ्रीजर माझा, लाईट त्यांची

आम्रखंड माझ्या घरात येत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी ते घेऊन आला की मी ताटावर हात आडवा धरते. लोकांना वाटतं, मला साखर आहे. मला साखर नाही. मला राग आहे, आणि तो उतरेल असं औषध अजून कुणी दिलेलं नाही.

भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांचं. आम्ही चौघं वाचलो, आजोबा आतच राहिले. पुढची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये झाली. मदतीचे ट्रक आले की आई लाजून मागं उभी राहायची, म्हणून तिच्या हाती फाटकी ताडपत्री यायची. एकदा मी ती तशीच उचलून परत नेली आणि ट्रकवरच्या माणसाशी भांडून धड ताडपत्री घेऊन आले. भाव करणं मी तिथं शिकले. भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर पुढं वसतिगृहात जागा मिळाली, तर माझ्या वर्गातल्यांनी माझं नावच ‘किल्लारी’ ठेवलं. रात्रंदिवस घासून पहिली आले, तेही त्या दाखल्यामुळंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पीएचडी नांदेडला केली. विषय सांगितला की लोक नाक मुरडायचे. आतड्याला आतून जो बुळबुळीत थर असतो, त्यात म्युसिन नावाचं प्रथिन असतं. बाटली धुण्याचा ब्रश आठवा. मधली तार प्रथिनाची, बाजूचे केस साखरेचे. प्रथिनं कापणारी साधी एन्झाइम्स त्या केसांतच अडकतात, तारेपर्यंत पोचत नाहीत. पण आतड्यात राहणारे काही जिवाणू हाच थर खाऊन जगतात. त्यांच्याकडं असं एन्झाइम असतं की ते साखरेचा केस जिथं फुटतो ती जागा ओळखतं आणि तिथंच तार तोडतं. बिनसाखरेचं प्रथिन शेजारी ठेवलं तरी त्याला शिवत नाही. संशोधकाला अशी कात्री मिळाली तर किती कामं होतात. पेशीवर म्युसिन आहे की नाही ते कळतं. ते काढून टाकल्यावर पेशी कशी वागते तेही बघता येतं. कॅन्सरच्या कितीतरी पेशी म्युसिनचं पांघरूण घेऊन बसतात, त्यामुळं ही कात्री सगळ्यांनाच हवी होती.

विकतचं म्युसिन मला परवडायचं नाही. मी इतवारा बाजारात खाटीक चाचाकडं जाऊन बकऱ्याची आतडी आणायची आणि बुळबुळ खरवडून घ्यायची.

“चाचा, धुतलेलं नको. सकाळचं पहिलं द्या, बर्फात घालून द्या, आणि इतरांच्या आधी मला द्या.”

“बाई, लोगां ये चीज नाली में फेंकते. तुम इसका भी मोलभाव करते?”

“नालीत टाकता ते मी उचलून नेते. उलट तुम्हीच मला चहा पाजा.”

चाचानं खरंच चहा सांगितला. म्हणाला, पोरीचं लग्न ठरवायला जाताना तुम्हाला बरोबर नेतो.

त्याच आतड्यांतून मला माझा जिवाणू मिळाला. हवा लागली की मरायला टेकणारा, हट्टी. त्याला बंद डब्यात वाढवायचं, खायला फक्त म्युसिन द्यायचं, मग द्रवातून एन्झाइम वेगळं काढायचं. म्युसिन घातलेल्या बशीत त्याचा थेंब टाकला आणि निळा रंग ओतला, तर थेंबाभोवती रंग न धरणारा स्वच्छ गोल उमटला. म्हणजे तिथलं म्युसिन संपलं होतं. हैदराबादच्या एका संशोधक बाईंना मी त्याचे फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं की एन्झाइम गोठवून पाठवा, आमच्या पेशींवर चालवून बघू. ते तुम्ही म्हणता तसं कापत असेल, तर आमच्याकडं तुमच्यासाठी जागा आहे.

त्या जागेवर माझा जीव होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला तापट म्हणणार नाही.

पण त्याच सुमारास माझे मार्गदर्शक निवृत्त झाले. त्यांची खोली दुसऱ्या प्राध्यापकांना मिळाली आणि मला निरोप आला, तुमचे डबे हलवा. जिवाणू आणि एन्झाइम थर्मोकोलच्या पेटीत बर्फात घालून मी एसटीनं लातूरला आणले, पेटी मांडीवर धरून. कंडक्टर म्हणाला, “मासळी हाय का ताई? वास येईल बघा.” मी त्याला सांगितलं, वास आला तर तिकिटाचे पैसे दुप्पट देते, नाही आला तर माझे परत दे. तो तिकिटं फाडत पुढं गेला.

लातूरला मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. तेव्हा लातूर म्हणजे नुसते क्लास. ज्या गल्लीत किराणा होता तिथं फिजिक्स, जिथं लाकडाची वखार होती तिथं हॉस्टेल. आमच्या कॉलेजच्या पटावर अकरावी-बारावी सायन्सची पोरं खच्चून, पण वर्गात कुणी नाही. नाव आमच्याकडं, पोरं क्लासमध्ये. प्रयोगशाळेला कुलूप. ती वर्षातून एकदा उघडायची, प्रॅक्टिकल परीक्षेला. मला ती रिकामी प्रयोगशाळाच हवी होती. बाजारातलं एक आइस्क्रीमचं दुकान मोडून तिथं बायोलॉजीचा क्लास निघाला, त्या दुकानाचा डीप फ्रीजर मी घासाघीस करून उचलला. मग संस्थेच्या सचिवांकडं गेले. त्यांना सगळे दादा म्हणायचे.

“पगाराचं नंतर बोलू दादा. आधी मला इन्व्हर्टरवरचा प्लग पॉइंट द्या.”

“लोक खुर्ची मागतेत, मॅडम, अन् तुम्ही प्लग मागायलात.”

“खुर्चीला लोडशेडिंग नसतं.”

ते हसले आणि हो म्हणाले. बदल्यात त्यांच्या मेहुण्याच्या क्लासवर सकाळी शिकवायचं ठरलं. सौदा बरा झाला असं मला वाटलं. कोरड्या बर्फाची सोय झाली की फ्रीजरमधल्या एन्झाइमच्या नळ्या हैदराबादला जाणार होत्या.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी मी त्या क्लासवर होते. बाहेरून परीक्षक येणार होते. आमच्याकडं बाहेरचा परीक्षक म्हणजे व्याही. त्याला गाडी, त्याला जेवण, त्याला निघताना शाल. पोरांना काय येतं हे त्यानं विचारू नये, म्हणून त्याच्या पोटाची एवढी काळजी. दुपारी मी परत आले तर प्रयोगशाळेतच पंगत बसलेली. प्रयोगाच्या टेबलावर पुऱ्या, बटाट्याची भाजी, आम्रखंड. आणि दक्षिणेच्या खिडकीत, पत्र्याच्या कट्ट्यावर, उन्हात माझ्या नळ्या ओळीनं मांडलेल्या.

मी शिपाईमामांना विचारलं, “हे कुणी काढलं?”

“म्याच की. लई नीट काढलंय मॅडम, एक बी सांडलं न्हाई. दादा म्हणले, साहेबाला आम्रखंड गार लागतंय.”

“वर ‘उघडू नये’ असं चिकटवलं होतं.”

“ते पोरांसाठी वाटलं. खाली तर आइस्क्रीमचं चित्र हाय.”

मामांवर ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी सांगितलेलं केलं होतं. नळ्या हातात घेतल्या तर कोमट. परीक्षकांनी चमचा चाटत विचारलं, “काय होतं हो मॅडम त्यात?”

“बकऱ्याच्या आतड्यातले जिवाणू,” मी म्हणाले. “आणि बुळबुळ खाऊन त्यांनी सोडलेला रस. तुमचा डबा त्याच खणात होता.”

त्यांनी वाटी खाली ठेवली. त्या दिवसाची माझी कमाई तेवढीच. दादा मला व्हरांड्यात घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, “पाहुण्यासमोर असं बोलतेत का? फ्रीजर तुमचा हाय मॅडम, पण लाईट आमची हाय. एका दिवसानं काय बिघडतंय?”

मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. शिपाईमामांनी तेवढ्यात दार लावून घेतलं. प्रयोगशाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरांना त्या दुपारी पैकीच्या पैकी मार्क पडले. मी मात्र एकेका नळीतला थेंब बशीत टाकून वर निळा रंग ओतला. बशी सगळीकडं सारखी निळी राहिली. एकही गोल नाही.

एन्झाइम मेलं होतं, पण जिवाणू एन्झाइमपेक्षा चिवट निघाले. एका नळीतले थोडे जगले असावेत असं वाटलं. वाढवायला नांदेडची खोली लागणार होती. मी तिथल्या नव्या प्राध्यापकांशी बोलले, सुट्टीत मला बंद डबा आणि इन्क्युबेटर वापरू द्या, मी तुमच्या मुलीची मेडिकलची तयारी करून घेते. पोरगी हुशार होती. जिवाणूही वाढला. म्युसिनसाठी पुन्हा इतवारा, पुन्हा चाचा. फक्त यात सुट्टी गेली, पाठोपाठ दिवाळी गेली, आणि बशीत गोल उमटला तेव्हा हैदराबादहून निरोप आला की तसलं एन्झाइम आता परदेशी कंपनी बाटलीत विकते, त्यांनी ते मागवलंय, आणि ती जागाही भरली आहे.

तरी मी माझं पाठवलं. त्या बाई सरळ होत्या, त्यांनी चालवून बघितलं. उत्तर आलं: तुमचं एन्झाइम कापतं, नेमकं तिथंच कापतं. अभिनंदन.

ते मला आधीपासून माहीत होतं.

ही बातमी दादांपर्यंत गेली. त्यांनी बोलावून पेढा पुढं केला. “मग झालं की मॅडम. शेवटी कापलंच ना तुमच्या त्यानं? नुकसान काय झालं सांगा. आता कॉलेजच्या माहितीपत्रकात टाकू, ‘आमच्या प्रयोगशाळेतलं संशोधन’. तुमचा फ्रीजरजवळ एक फोटो काढू.”

“काढा,” मी म्हणाले. “माझी एकच अट आहे. पटावरचं प्रत्येक पोर वर्षातला एक आठवडा या प्रयोगशाळेत उभं राहील.”

“व्यवहाराचं बोला, मॅडम.”

“मग दुसरी अट. फोटोत झाकण उघडं ठेवा, आणि आत आम्रखंडाचा डबा दिसू द्या.”

त्यांना वाटलं मी गंमत करते. ते मोठ्यानं हसले, मामाही दारात हसले. मी पेढा टेबलावर परत ठेवला, प्रयोगशाळेत गेले आणि फ्रीजरची पिन काढली. प्लग त्यांचा होता, तो ठेवला. फ्रीजर माझा होता, तो त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी नेला.