यंदा झांजा नाहीत

आमचा कुत्रा पॉम आरतीला रडतो. म्हणजे घंटा वाजली की मान वर करून गळा काढतो आणि शेवटची आरती संपेपर्यंत थांबत नाही. नातेवाइकांना त्याचं भारी कौतुक. गेल्या जन्मीचा कीर्तनकार आहे म्हणतात आणि मोबाइल काढतात.

यंदा गणपतीच्या जरा आधी त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा आधीच गेलेला, उरला होता तो हाच, आणि त्यातूनही दिसेनासं झालेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं की ऑपरेशन हे निम्मंच काम. आता डोळ्यात दाब वाढू द्यायचा नाही. उड्या नाहीत, गळ्यात पट्टा नाही, भुंकणं नाही, गळा काढणं तर नाहीच. दाब वाढला तर हाही डोळा जाऊ शकतो.

घरी आल्या आल्या मी दाराची बेल बंद केली. सोफ्यावर गाद्या उभ्या केल्या. सासूबाईंना त्याच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनाची दया येत होती, तेव्हा मी सांगून टाकलं की कोनाला हात लावायचा नाही, पंजा डोळ्यात गेला तर दया कामाला येणार नाही. मग फॅमिली ग्रुपवर लिहिलं: यंदा घंटा, झांजा, टाळ्या नाहीत, आरती हळू आवाजात.

आमच्या बोरीवलीच्या घरात भूकंप झाला. सासरे माझ्याशी बोलेनात. लहानपणापासून घरची आरती त्यांच्या हातात. मुलुंडहून त्यांच्या बहिणीचा, म्हणजे आत्यांचा फोन आला, कुत्र्यापायी देवाची घंटा बंद? नवरा म्हणाला, दीड दिवस याला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवू. परक्या जागी तो रडून आकांत करेल आणि तिथे वेळच्या वेळी डोळ्यात औषधाचे थेंब कोण घालणार? बेडरूममध्ये कोंडलं तर दार खरवडून वर गळा काढेल. मी ऐकलं नाही. मला भांडायची हौस नाही, पण या डोळ्यासाठी मी कोणाशीही भांडले असते. देवाला राग आलाच तर माझ्यावर यावा, मी बघून घेईन.

गणपतीच्या दिवशी घंटा आणि झांजा कपाटात कुलूपबंद केल्या, किल्ली कमरेला. आत्या वस्ताद, पर्समधून स्वतःच्या झांजा घेऊन आल्या होत्या. सगळ्यांसमोर मी हात पुढे केला.

"आत्या, द्या इकडे."

त्यांनी दिल्या, पण तोंड फिरवून.

आरती सुरू झाली, पुटपुटल्यासारखी. टाळ्यांची सवय असलेले हात काय करावं ते न सुचून नुसते जोडलेले. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घालून तबक धरलेलं. पॉम माझ्या मांडीवर, कोनासकट. त्याने आवाज काढला नाही. मी त्याची छाती धरून बसले होते.

मग त्याचं तोंड उजवीकडे वळलं. डावीकडे वळलं. वर गेलं. निरांजन जाईल तिकडे कोन फिरत होता. मला वाटलं, माझ्या मनाचे खेळ असतील.

सासऱ्यांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी तबक खाली घेतलं, मूर्तीकडे पाठ करून आमच्याकडे वळले आणि सावकाश ओवाळू लागले. एकीकडून दुसरीकडे, पुन्हा उलट. आरती म्हणता म्हणता सगळे थांबले.

"दादा, देवाकडे बघ ना," आत्या म्हणाल्या.

"देवाला सगळं दिसतं," सासरे म्हणाले. "याला दिसतंय का ते बघू दे."