रेषेचं दुसरं टोक

वजनमापे खात्यात तिला सगळे मालकीणबाई म्हणायचे. खरं तर तिच्या मालकीचं म्हणावं असं त्या इमारतीत काहीच नव्हतं. टेबल सरकारी, खुर्ची शेजारच्या विभागातून मागून आणलेली, आणि खिडकीतलं रोपटं बदली होऊन गेलेल्या कुणा कारकुनाने मागे सोडलेलं. तरी नाव पडलं ते पडलं. त्याला कारण साहेबांची दाढ.

झालं होतं असं, की सरकारने एक नवा कक्ष काढला होता, रचना कक्ष. खात्याखात्यांत इतके प्रोग्राम आणि इतकी यंत्रं साचली होती, की कुठलं कशासाठी घेतलं होतं हे कुणाला धड सांगता येईना. कक्षाने ठरवलं, साऱ्या सरकारचा मिळून एक नकाशा काढायचा. सगळ्यात वर सरकारची पाच उद्दिष्टं. त्यांच्याखाली खात्यांची कामं, कामांखाली प्रोग्राम, आणि तळाला ते ज्यांवर चालतात ती यंत्रं. प्रत्येक प्रोग्रामपासून निघालेली रेष वर कुठल्या तरी उद्दिष्टाला जाऊन टेकली पाहिजे. जी टेकणार नाही, तो प्रोग्राम सरकारला नको. शिवाय प्रत्येक प्रोग्रामला एक मालक हवा, म्हणजे उद्या काही विचारायचं झालं तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असेल. ऐकायला सगळं शहाणपणाचं होतं. तिलाही ते तसंच वाटलं होतं.

मालक ठरवायच्या मीटिंगला जायचं होतं साहेबांना. पण आदल्या संध्याकाळी त्यांची दाढ ठणकायला लागली. गालावर हात दाबून ते तिला म्हणाले, “तुम्हीच जा बाई. नुसतं बसायचंय. कुणी काही विचारलंच तर माहिती घेऊन कळवते म्हणा.”

ती जाऊन बसली. लांबलचक टेबल, समोर भिंतीवर पडदा, पडद्यावर चौकटीच चौकटी. वजनमापे खात्याचा एक जुना प्रोग्राम होता. दुकानदारांनी आपले तराजू तपासून घ्यायला कधी आणायचे, त्या तारखा तो काढत असे. त्याची चौकट आली तशी पडद्याजवळच्या मुलीने विचारलं, “याचे मालक कोण?”

सगळे आपापले कागद चाळू लागले.

“बरं, वजनमापे खात्याकडून कोण आलंय?”

तिने हात वर केला. मुलीने नाव विचारलं आणि चौकटीत टाईप केलं. माहिती घेऊन कळवते, हे वाक्य तिच्या ओठांवर होतं. ते बाहेर पडेपर्यंत पुढच्या खात्याची चौकट आली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बातमी तिच्या आधी पोचली. “या मालकीणबाई,” टपाल बघणारा म्हणाला, “भाडं वाढवू नका म्हणजे झालं.” प्रोग्रामचंही बारसं तिथल्या तिथे झालं. तो इतका जुना होता, आणि सकाळी सुरू करताना इतका कण्हत उठायचा, की त्याला म्हातारबा म्हणायचं ठरलं. त्यानंतर रोज कुणी ना कुणी विचारायचं, “काय मालकीणबाई, म्हातारबाने औषध घेतलं का?” तीही हसायची. हसण्यासारखंच होतं, बदलीचा कागद येईपर्यंत.

तिचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला होता. मुलगी त्याच्याजवळ राहायची, कारण तिथे आत्या होती, आणि ही दिवसभर कचेरीत. दर पंधरवड्याला ती रात्रीच्या बसने जायची आणि रविवारी निघायची. त्या गावच्या वजनमापे कचेरीत जागा रिकामी झाल्याचं कळलं, तेव्हा तिने अर्ज केला, आणि अर्ज मंजूर झाला. नवऱ्याने कपाटातले दोन कप्पे रिकामे केले. मुलीने वरच्या कप्प्याच्या कडेला कागद चिकटवला, ‘आईचा कप्पा’. त्यातलं ‘आईचा’ हिरव्या खडूने आणि ‘कप्पा’ लाल, कारण मध्येच हिरवा मोडला.

मंजूर अर्जाच्या खाली मात्र एक शेरा होता. प्रोग्रामच्या मालकांना, मालकी दुसऱ्याकडे दिल्याशिवाय किंवा प्रोग्राम बंद झाल्याशिवाय, जागेवरून सोडू नये.

मालकी घ्यायला कोण तयार होणार? साहेब म्हणाले, “मी घेतली असती हो, पण माझीच निवृत्ती तोंडावर आलीय. म्हातारपणी आणखी एक म्हातारा कुठे सांभाळू?” टपालवाला त्या दिवसापासून तिच्या टेबलाकडे वळेनासा झाला. बाकीच्यांनी सहानुभूती दाखवली आणि माना संगणकात घातल्या.

उरला दुसरा मार्ग. म्हातारबाला बंद करायचं. त्यात अवघड काही दिसत नव्हतं. तारखा काढायचं काम नव्या सामाईक प्रोग्रामने केव्हाच उचललं होतं. दुकानदारांना फोनवर निरोप जायला लागले होते. म्हातारबा आता उगाच जागा होता, घरातल्या एखाद्या निवृत्त माणसासारखा.

ती रचना कक्षात गेली. पडद्याजवळची ती मुलगी तिथेच होती. तिला सगळे नकाशेवाली म्हणत. केस पेन्सिलीने वर खोवलेले, टेबलावर गार झालेला चहा. तिने नकाशा उघडला, म्हातारबाची चौकट मोठी केली.

“बंद करायला हरकत नाही, ताई. फक्त ही एक रेष आहे बघा.”

चौकटीच्या उजव्या बाजूने एक बारीक रेष निघून नकाशाच्या कडेकडे गेली होती. तिच्या टोकाला प्रश्नचिन्ह होतं.

“रोज संध्याकाळी तुमचा प्रोग्राम एक फाईल कुठेतरी पाठवतो. घेणारा कोण ते कळलेलं नाही. समजा, ती कुणाच्या उपयोगाची असली आणि आपण बंद केली, तर त्यांचं काम अडेल. टोक सापडलं की मी लगेच बंद करते.”

“लगेच?”

“त्याच दिवशी. मलाही तुम्हाला अडकवून काय मिळणार?”

तिचा विश्वास बसला, आणि तो बसण्यासारखाच होता. नकाशेवाली खोटं बोलणारी नव्हती.

मग ती टोक शोधायला निघाली. जेवणाच्या सुट्टीत, कधी अर्धी रजा टाकून. म्हातारबाच्या पोटात फाईल जायच्या जागेचा एक क्रमांक होता. तो निघाला कोषागाराच्या तळघरातल्या यंत्राचा. तिथल्या तंत्रज्ञाने स्टूल ओढून दिलं, पडदा पुसला आणि सांगितलं, “येते खरी. पण इथे कुणी उघडत नाही. आमचा प्रोग्राम तिला तारीख चिकटवतो आणि पुढे ढकलतो.”

“पुढे कुठे?”

“ते आमच्या मालकांना माहीत असणार.”

“ते कुठे भेटतील?”

“ते गेले निवृत्त होऊन. जागा रिकामी आहे. त्यांचा कप आहे अजून,” त्याने बोट दाखवलं. कपात टाचण्या होत्या.

बिचाऱ्याने खटपट करून पुढचा क्रमांक काढून दिला. तो होता आकडेवारी कार्यालयाचा. तिथे एक काका बसत. स्वेटरच्या कोपरांना ठिगळं, पण टेबल असं लख्ख की त्यावर चहा ठेवायला संकोच वाटावा. ते तिला बघून उठूनच उभे राहिले.

“म्हणजे ती फाईल तुमची होय? किती वर्षं वाटायचं, कोण पाठवत असेल. एक दिवस चुकत नाही हो.”

“तुम्ही काय करता तिचं?”

“बेरीज. तक्ता लावतो, सुबक. आणि लगेच पाठवून देतो.”

“कुणाला?”

काकांना प्रश्न कळला नसावा. “कुणाला म्हणजे? तुम्हालाच की. वजनमापे खात्याला.”

परतून तिने म्हातारबा उघडला. आतल्या आत एक कप्पा होता, त्यात एक, आणि त्यात काकांचे तक्ते. वर्षानुवर्षांचे, रोजच्या रोजचे, एकही कधी उघडलेला नाही. तिने एक उघडून पाहिला. काकांनी रकान्यांच्या कडा दुहेरी रेघेने आखल्या होत्या. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तेव्हा मनात एकच गोष्ट उसळून आली. कुणालाच लागत नाही. घेणारा कुणीच नाही. आपली फाईल गावभर हिंडून आपल्याच दारात येऊन पडते.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला. “होईल आता,” ती नवऱ्याला म्हणाली. “या महिन्यात होईल.” मागून मुलीचा आवाज आला, “खरं खरं का खोटं खरं?” ती म्हणाली, “खरं खरं.”

तिन्ही टोकं तिने कक्षाला व्यवस्थित लिहून कळवली. तिच्या हातचं काम म्हणजे कुठे कानामात्रा चुकायचा नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. दाढ काढून टाकल्यापासून ते हसताना ओठ मिटून हसत. “बाई, खात्याची लाज राखलीत. इतके महिने रेष अर्धी, म्हणून नकाशात आपण लाल. आज हिरवे. सगळ्यांना चहा सांगितलाय.” टपालवालासुद्धा वळून आला. “मालकीणबाई, आता घरदार रंगवून झालं, भाडं वाढवा.” कप तसाच ठेवून ती कक्षात गेली.

नकाशेवालीने तिला पाहिलं आणि आधी शेजारची खुर्ची रिकामी केली.

“ताई, बसा. मी फोन करणारच होते.”

पडद्यावर तीन चौकटी होत्या आणि तीन रेषा. वजनमापे खात्याकडून कोषागाराकडे, तिथून आकडेवारीकडे, तिथून परत. मधला भाग हिरवा भरला होता. कुठेही प्रश्नचिन्ह नव्हतं.

“ज्याच्यावर दुसरा अवलंबून आहे, तो प्रोग्राम बंद करता येत नाही,” नकाशेवाली हळू बोलत होती. “तुमच्यावर कोषागार अवलंबून आहे. कोषागारावर आकडेवारी. आकडेवारीवर तुम्ही.”

“पण कोषागार घेतं ते पुढे द्यायला. काका घेतात ते मला द्यायला. आणि मी तर उघडतसुद्धा नाही.”

“मला कळतंय.”

“मग?”

“मला कळून उपयोग नाही, ताई. रंग मी भरत नाही. रेषा पुऱ्या झाल्या की तो आपोआप भरतो.” तिने पेन्सिल काढली, केस सुटले, तिने परत खोवले. “आणि वर बघा. तिसरं उद्दिष्ट, खात्याखात्यांत माहितीची देवाणघेवाण. तीन खात्यांचं मिळून चालणारं काम वजनमापे खात्याकडे हे एकच आहे. त्यामुळे तुमचा प्रोग्राम ‘महत्त्वाचा’ या वर्गात गेला.”

“तिघांनी एकाच दिवशी बंद केला तर?”

“चालेल. तिन्ही मालकांच्या सह्या लागतील.”

“काका देतील. मी त्यांचे पाय धरीन. कोषागारात तर कुणीच नाही.”

“ती जागा भरली की.”

“कधी भरणार?”

नकाशेवालीने नकाशाच्या वरच्या ओळीकडे पाहिलं. “भरती बंद आहे. काटकसर. ते पाचवं उद्दिष्ट.”

बाहेर कुणीतरी छापायचं यंत्र सुरू केलं होतं, आणि ते मध्येच कागद अडकून थांबत होतं.

“प्रश्नचिन्ह परत टाकता येईल का?” तिने विचारलं. “समजा, मला टोक सापडलंच नाही.”

नकाशेवालीने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “सांगणार नव्हते. परवाच नवा आदेश निघाला. ज्या रेषांची टोकं सापडली नाहीत, त्या पुसून टाकायच्या. नुसत्या पुसायच्या. आता तुमचं सापडलंय, आणि ते कागदावर आहे.”

ती उठली. खुर्ची जागेवर सरकवली. “तुमचा चहा गार झाला,” एवढंच म्हणाली. त्या मुलीवर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

जाता जाता ती आकडेवारीत डोकावली. सही मागायचीच नाही, असं ठरवूनही. काका खुशीत होते. त्यांच्या कामाला कधी नव्हे तो हिरवा रंग लागला होता, आणि त्यांची जागा कमी करायची चाललेली गोष्ट मागे पडली होती. “तुमच्यामुळे, बाई,” ते म्हणाले. “तक्ता कसा वाटतो? कडा जाड करू का?”

“छान आहे,” ती म्हणाली. “असाच राहू द्या.”

शनिवारी सकाळी ती घरी पोचली. दार आत्याने उघडलं. मुलगी धावत आली, कमरेला बिलगली आणि वर बघून विचारलं, “उद्या जाणार ना?” त्यात तक्रार नव्हती. आज दूध येणार ना, तसं. मग तिनेच पाहुण्यांचा टॉवेल काढून दिला, इस्त्रीची घडी न मोडता, दोन्ही हातांवर.

नवऱ्याला बसस्टँडवरूनच कळवलं होतं. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली, ठेवायला जागा शोधली, आणि भिंतीशी ठेवली.

“कप्पा रिकामा आहे ना?” तिने विचारलं.

“होता,” तो म्हणाला. आत्या घाईने म्हणाली, “माझंच चुकलं गं. हिची नवी पुस्तकं आली, ठेवायची कुठे? म्हटलं, तू येईपर्यंत असू देत. काढते मी.”

“नको ताई.”

मुलीने कपाट उघडून दाखवलं. पुस्तकं कशीही कोंबलेली होती, वह्या आडव्या, रंगपेटी डोक्यावर. कडेचा कागद तसाच होता. हिरवा खडू फिका पडला होता, लाल तेवढा दिसत होता.

“तुझी बदली झाली की मी लगेच काढेन,” मुलगी म्हणाली. “त्याच दिवशी.”

ती कपाटासमोर खाली बसली. सगळी पुस्तकं जमिनीवर घेतली. उंच पाठीमागे, बुटकी पुढे, रोज लागणारी हाताशी, वह्या एका बाजूला. मुलगी एकेक देत गेली आणि ती लावत गेली. हे काम तिला येत होतं. थोड्या वेळाने कप्पा इतका नीट भरला, की त्यात एक हातरुमालही मावला नसता.

“बघ, आता सगळं बसलं,” ती म्हणाली.