सराईवाले मामाजी

माझे चुलतसासरे, आमचे मामाजी, एखाद्या दिवशी देवाला नमस्कार करायला विसरले असतील, पण सराईच्या दरवाज्यापुढे मान लववल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी तोंडात पाणी घेतले नाही. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर, त्यांच्या शेताला लागून, ती काळ्या दगडाची जुनी सराई, वाटसरूंच्या मुक्कामाची जागा, उभी होती. तिला मालक उरला नव्हता. मामाजींना तिचे राखणदार कोणी नेमले नव्हते. ते आपले आपणच नेमले गेले होते. माझी त्यांची पहिली गाठ माझ्या लग्नात पडली. तिवशाहून आमचे वऱ्हाड आले, उतरायची सोय सराईतच होती. मी घोड्यावर बाशिंग सावरत बसलेलो, आणि हा उंच, वाळकुडा म्हातारा खराटा घेऊन दारात आडवा! "उतरा खाली, जवाईबुवा. या दरवाज्यात हत्तीवरचे बी उतरले, तुमचं तं घोडं हाये!" मी मुकाट उतरलो.

सराई कोणी बांधली, हे मामाजी पाहुणा बघून सांगत. बऱ्हाणपूरचा अत्तरवाला आला, की ती कुण्या बेगमेने बांधलेली असे. नागपूरकडचा कोणी आला, की भोसल्यांच्या सरदाराने. आणि मिठाचे बैल घेऊन वंजारी उतरले, की कुण्या लखपती वंजाऱ्याने. एकदा मी विचारले, "मामाजी, यातलं खरं कोणतं?" ते कमानीकडे असे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघत होते. म्हणाले, "बांधणारा इथं एक रात तरी निजला असंन का? जो उतरला, त्याची सराई."

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लोकांनी अंगणातसुद्धा सरकी टोबून कापूस लावला. मामाजींनी मात्र सराईलगतच्या उत्तम काळ्या रानात ज्वारीच पेरली. धाकटे भाऊ, म्हणजे माझे सासरे, चिडून म्हणाले, "दादा, कावून असं करून राहिले? सारं गाव हासते." मामाजी शांतपणे म्हणाले, "कापूस वाहणाऱ्या बैलानं काय कापूस खावा? त्याले कडबा लागते."

मग आगगाडीचा रस्ता आखला गेला, आणि पुलाला दगड हवा म्हणून एक ठेकेदार सराई पाडायला आला. मी तेव्हा सासरी होतो. ठेकेदाराने मापाची दोरी काढली. मामाजींचा चेहरा राखेसारखा झाला, पण ते एवढेच म्हणाले, "आधी जेवा. पाहुण्यानं उपाशी राहून सराई पाडू नये." ठेकेदार हसला आणि पिठले-भाकरीला बसला. तोच आभाळ काळवंडले आणि गारा सुटल्या, लिंबाएवढ्या. वाटेवरच्या कापसाच्या गाड्या दोन्ही बाजूंनी सराईत घुसल्या. बैल, गाडीवान, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळे कमानींखाली दाटले. बाहेर झाडांच्या फांद्या मोडत होत्या. आत थेंब गळला नाही. ठेकेदार भाकरी हातात धरून वर छताकडे पाहत राहिला. "असा चुना आता कोणाला जमत नाही," तो हळूच म्हणाला. मामाजींनी त्याच्यापुढे हात जोडले. एरवी ते त्या दरवाज्यावाचून कोणापुढे वाकलेले मी पाहिले नव्हते. पाऊस थांबल्यावर ठेकेदाराने दोरी गुंडाळली. दगड त्याने दूरच्या टेकडीवरून नेला.

सराई वाचली; पण पुलावरून आगगाडी धावू लागली आणि वाट ओस पडली. कापूस गेला, वंजारी गेले, अत्तरवालाही गाडीत बसून गेला. नंतर एकदा मी बडनेऱ्याला उतरून छकड्याने मामाजींकडे गेलो. रिकाम्या ओवऱ्या लख्ख झाडलेल्या होत्या. "गाडीत लोकाइले निजाले जागा असते का जी?" त्यांनी विचारले. मी सांगितले, "नाही. बसल्या जागी डुलक्या घेतात." त्यांना फार वाईट वाटले. इतक्यात शेतांपलीकडून धूर सोडत गाडी गेली. एवढे माणूस एका दमात चालले आहे, हे ते डोळे विस्फारून, अगदी लहान मुलासारखे, बघत राहिले. "बिचारे," शेवटी म्हणाले, "पाणीही न पेता चालले."

मग त्यांनी दरवाज्याची दोन्ही कवाडे सताड उघडली आणि आत जाऊन चूल पेटवली. त्या दिवशी सराईत उतरणारा मी एकटाच होतो.