काट्यावरचा कॅन

खरं सांगायचं तर ती मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. राजूरकडची, कॉलेजातून निघून नुकती आमच्याकडे नोकरीला लागलेली. आणि नगरच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी आठ वर्षं खुर्ची झिजवलेली. त्यात कोल्हारच्या दूध केंद्राचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. कोल्हार माझं गाव. तिथे मी कॉम्प्युटरवाला म्हणून मिरवायचो.

त्या प्रोग्रॅममध्ये तीन कामं एकदम चालायची. एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, वजन घ्यायचा, दुसरा फॅटच्या मशीनचे आकडे वाचायचा, तिसरा पावती छापायचा. प्रिंटर वापरणाऱ्यानं त्याचं लॉक घ्यायचं, ते सुटेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. केंद्राच्या सचिवांनी ‘बंद’ दाबलं की सिग्नल जायचा आणि माझा प्रोग्रॅम तिन्ही थ्रेड जागच्या जागी मारून टाकायचा. मग कधीकधी स्क्रीन गोठायची ती गोठायचीच. तीन आठवडे मी कारण शोधत होतो. कुठे अडतंय ते दिसावं म्हणून मध्ये कोडच्या चार ओळी घातल्या की चूक गायब, काढल्या की हजर! शेवटी साहेबांनी ते काम तिला दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं आधी कोड उघडलाच नाही. सकाळच्या दुधाच्या वेळी कोल्हारला जाऊन बसली. परत आल्यावर म्हणाली, “सर, केंद्र बंद करायची वेळ झाली तरी काट्यावर चढलेला कॅन ते पुरा करतात. वजन, पावती, मगच शटर. आपण पावतीवाल्याला मधेच मारतो. प्रिंटरचं लॉक त्याच्याकडेच राहतं आणि बाकीचे ते सुटायची वाट बघत बसतात.”

त्याच काट्यासमोर मी शाळेत असल्यापासून कॅन घेऊन उभा राहिलोय. मला का नाही सुचलं?

दोन दिवसांत तिनं सगळं बदललं. सिग्नल आला की फक्त खूण करायची. प्रत्येकानं हातातलं काम उरकून, लॉक सोडून मग थांबायचं. ते तपासायला माझ्याकडे आलं. मी खोड काढायलाच बसलो होतो, आणि सापडली. पावतीचा कागद संपला तर थ्रेड एका ओळीवरून लॉक न सोडताच बाहेर पडत होता, म्हणजे स्क्रीन पुन्हा गोठणार. माझं बोट तिथेच थांबलं. ती शेजारी उभी होती. “ठीक आहे,” मी म्हणालो. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हारला आम्ही दोघं, सचिव आणि दूध घालायला आलेलं निम्मं गाव. पावतीच्या कडेला रोल संपत आल्याची लाल रेघ दिसू लागली. मी मनातल्या मनात उरलेल्या पावत्या मोजू लागलो. कागद संपला. सचिवांनी ‘बंद’ दाबलं. मी स्क्रीनकडे डोळे लावून बसलो.

प्रोग्रॅम नीट बंद झाला.

“लई ब्येस, ताई!” सचिव म्हणाले.

“माझं एकटीचं नाही,” ती म्हणाली. “काल सर एका ओळीवर बराच वेळ थांबले होते. म्हणून घरी गेल्यावर मी ती परत तपासली. तिथेच चूक होती.”

तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. ती नवा रोल बसवत होती.

“म्हंजे चूक तुमीच धरली म्हना की!” सचिवांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “गावाचं नाव काढलं.”

मी “हो” म्हणालो.